पंखा बसला, सेट थंड झाला : आभार

टेबलाखाली लटकवलेला माझा हॅम रेडिओ (हौशी लोकांचा बिनतारी संच) आता तासभर बोललं तरी हात लावता येईल इतपतच तापतो. श्रेय तिघांचं, आणि तिघांचीही नावं मला ठाऊक नाहीत.

५० वॅटवर बोलताना सेट १३.८ व्होल्टला दहा-साडेदहा अँपिअर ओढतो. म्हणजे आत जाणार १४० वॅटच्या आसपास, अँटेनाकडे ५०. उरलेली सगळी उष्णता. मी शहाण्यानं सेट टांगायचं ब्रॅकेट थ्रीडी प्रिंटिंगनं पीएलए या प्लॅस्टिकचं छापलं, जे साठेक अंशांना मऊ पडतं. मे महिन्यात ते जिलबीसारखं वाकलं आणि सेट थेट गुडघ्यावर!

थ्रीडी प्रिंटिंगवाल्या दादानं तुकडे बघितले, हसला नाही (हेच मोठं). "पीईटीजी वापरा, ते प्लॅस्टिक जास्त उष्णता सोसतं, आणि उभं नको, आडवं झोपवून छापू. वजन थरांच्या सांध्यावर आलं की तिथंच उकलतं." स्क्रूच्या भोकांत पितळी नटही त्यानंच बसवून दिले.

पुण्यात पासोड्या विठोबापाशी इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातल्या काकांनी मी मागितलेले ४० मिलिमीटरचे दोन पंखे दिलेच नाहीत. "किरकिर करतील. ८० चा एकच घ्या, हवा हीटसिंकच्या (सेटची उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या भागाच्या) पात्यांच्या दिशेनं जाऊ द्या."

पंखा फिरला, तर रिसीव्हरमध्ये घरघर. हवेवर, म्हणजे रेडिओवरच, रडगाणं गायलो, तेव्हा एका आजोबांनी पंख्याची वायर फेराइट रिंगवर (असा गोंगाट अडवणाऱ्या चुंबकीय कड्यावर) सात-आठ वेढे गुंडाळायला सांगितली. घरघर गेली. आजोबा, तुमचा कॉलसाइन (रेडिओवरची ओळखखूण) लिहिलेला कागद मी हरवलाय. पुन्हा भेटलात की आधी माफी, मग आभार.