के व्हिटॅमिनचं इंजेक्शन दिलं की नाही ते कार्डवर लिहा

संपादक साहेब,

मी ऐरोलीला राहते. नातू पाच आठवड्यांचा असतानाची गोष्ट. बाळंतपण इथल्याच एका प्रायव्हेट नर्सिंग होममध्ये झालं, बाळ तीन किलोचं, गुटगुटीत, फक्त अंगावर पिणारं. एक दिवस आंघोळ घालताना मांडीवर रुपयाएवढा निळा डाग दिसला, मला वाटलं मालीश करताना माझाच हात जोरात लागला, सुनेलाही तेच वाटलं असणार पण ती बिचारी बोलली नाही. दोन दिवसांनी नाकातून रक्त. शेजारच्या काकू म्हणाल्या, उष्णता झाली. मुलाने काही ऐकलं नाही, रिक्षात घालून बाळाला डॉक्टरकडे नेलं.

त्यांचा पहिला प्रश्न, जन्मल्यावर के चं इंजेक्शन दिलेलं का? आम्ही एकमेकांच्या तोंडाकडे बघतोय. डिस्चार्ज कार्डवर बीसीजी, पोलिओ सगळं तारखेसकट, के चा पत्ताच नाही. नर्सिंग होमला फोन केला तर "आम्ही सगळ्यांना देतो" एवढंच उत्तर.

टेस्टमध्ये कळलं की रक्त गोठतच नव्हतं नीट. लगेच इंजेक्शन दिलं आणि थोडक्यात वाचलं पोर. मग कळलं की रक्त गोठवायला लिव्हर जे घटक बनवतं त्यासाठी के लागतं, ते वारेतून बाळाला अगदी थोडं मिळतं, आईच्या दुधातही कमीच, आणि पोटात ते तयार करणारे जंतू तान्ह्या बाळात अजून नसतात. म्हणून जन्मल्यावर मांडीत १ मिलीग्रॅम द्यायचं, फारच लहान बाळ असेल तर अर्धा. मी सुनेला मेथी, पालक, अळिवाचे लाडू सगळं खाऊ घातलं होतं हो, पण त्याने दुधातलं के फारसं वाढत नाही म्हणे. (म्हणून कोणी दूध तोडू नका, इंजेक्शन घ्या.)

नाही दिलं तर पहिल्या आठवड्यात बेंबीतून किंवा शीतून रक्त जाऊ शकतं. उशिराचा प्रकार सहा महिन्यांपर्यंत कधीही होतो आणि त्यात निम्म्याच्या आसपास बाळांना थेट मेंदूत रक्तस्राव होतो. नाकातून येणारं थेंबभर रक्त म्हणजे त्याची आधीची सूचना असू शकते, आणि आम्ही उष्णता उष्णता करत बसलो असतो.

केंद्र सरकारने २०१४ मध्येच हे इंजेक्शन सगळ्या नवजात बाळांना द्यायच्या सूचना काढल्यात. मग महापालिकेने एवढं तरी बघावं की प्रत्येक नर्सिंग होमच्या कार्डवर के चा वेगळा रकाना हवा, तारीख, वेळ, देणाऱ्या सिस्टरची सही. आमच्या कार्डवर आता आहे, बीसीजीच्या खाली डॉक्टरांनी पेनाने लिहिलेलं, पाच आठवडे उशिराच्या तारखेचं.

एक आजी, ऐरोली