‘भरलंय’ म्हणजे किती?

सातारा
६ ऑगस्ट २०२५

चि. अमेय,
अनेक आशीर्वाद.

काल रात्री तू फोन ठेवलास तेव्हा माझं वाक्य अर्धंच राहिलं होतं. पुन्हा फोनवर बोलायला गेले तर पुन्हा तेच होईल, म्हणून लिहितेय. राग गेल्यावर वाच, पण शुक्रवारपर्यंत वाच.

तू पाठवलेला सिबिलचा रिपोर्ट, म्हणजे तुझ्या कर्ज-कार्डांच्या परतफेडीची नोंद, जेवणं झाल्यावर सबंध वाचला. मोबाइलवर रकाने सरकत होते म्हणून कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून प्रिंट काढून आणली होती. सगळ्या महिन्यांपुढे ०००. छत्तीसच्या छत्तीस. एक दिवससुद्धा उशीर नाही. बाबांना चष्मा लावून दाखवलं, तर त्यांनी एकेक शून्य बोट लावून मोजलं.

मग स्कोअर ७८१ चा ७२२ का झाला, हे तू विचारलंस आणि मी उत्तर द्यायचं सोडून उलटतपासणी घेतली. उत्तर तिसऱ्या पानावर आहे. नव्या कार्डाचं लिमिट १,५०,००० आणि फेडायची बाकी १,३८,०००. म्हणजे लिमिटचा ९२ टक्के वापर. त्यातले १,२०,००० बाबांच्या दवाखान्यातल्या अ‍ॅडमिशनच्या डिपॉझिटचे आणि उरलेले औषधं-तपासण्यांचे, हे मला ठाऊक आहे. रिपोर्टला ठाऊक नाही. खर्च कशावर झाला याचा रकानाच त्यात नसतो. पगार किती, हेही स्कोअरमध्ये धरत नाहीत. कर्ज देणाऱ्याला एवढंच दिसतं की या माणसाच्या हाताशी होतं ते संपत आलंय, आणि अशा माणसाचा पुढचा हप्ता चुकेल की काय, ही धास्ती तो आकड्यात मांडतो. इतकी वर्षं कर्जविभागात बसून मीही ती मांडलीय. आता तुझ्या बाबतीत मलाच ती वाटते, म्हणून विचारलं की बिल पूर्ण भरलंस की नुसतं मिनिमम ड्यू, म्हणजे भरावीच लागते तेवढी थोडी रक्कम. तू म्हणालास, ‘भरलंय गं.’ किती, ते नाही सांगितलंस.

रिपोर्टवरून ते कळतही नाही. मिनिमम वेळेवर भरलं तरी ००० च पडतं, आणि किती रक्कम भरली तो रकाना तुझ्या बँकेने कोराच ठेवलाय.

आता जुन्या कार्डाचं. ते रद्द करतोस म्हणालास, कारण ‘तेवढंच एक झंझट कमी’. अजिबात करू नकोस. त्याचं लिमिट ६०,००० आणि बाकी ३,०००. दोन्ही कार्डं मिळून बाकी १,४१,००० आणि लिमिट २,१०,०००, म्हणजे ६७ टक्के. जुनं बंद केलंस की ते ६०,००० हिशेबातून जातात आणि एकूण वापर थेट ९२ वर जातो. एक रुपया जास्त खर्च न करता. शिवाय ते २०१६ चं कार्ड आहे, तुझ्या नावावरची सगळ्यात जुनी नोंद. दर दोन-तीन महिन्यांनी त्यावर विजेचं बिल भर आणि लगेच फेड, कारण वर्षभर वापरलं नाही तर बँक कळवून, महिन्याभराची मुदत देऊन, ते बंद करू शकते. पुढेमागे घराचं कर्ज हातात पडल्यावर बंद करायचंच असेल तर सगळी बाकी शून्य करून लेखी सांग. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने सात कामकाजाच्या दिवसांत बंद व्हायला हवं, नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला ५०० रुपये तुला मिळतात. पण आत्ता नाही.

वापर लिमिटच्या तीस टक्क्यांच्या आत ठेवावा म्हणतात तो कायदा नाही. एकोणतिसाला दार उघडं आणि एकतिसाला बंद, असं काही नसतं. तरी घराच्या कर्जाचा अर्ज करताना त्या आसपास असावं, एकेका कार्डावरही आणि सगळं मिळूनही.

आणि नुसत्या स्कोअरचं नाही रे. बऱ्याच बँका कार्डावरच्या बाकीचे पाच टक्के दरमहाचा हप्ता म्हणून धरतात, आणि घराचा हप्ता भरायची तुझी ऐपत तेवढी कमी समजतात. १,३८,००० चे झाले ६,९००. वीस वर्षांच्या कर्जाला ८ टक्क्यांनी लाखामागे साधारण ८३६ रुपये हप्ता बसतो. म्हणजे ही बाकी तशीच राहिली तर सव्वाआठ लाखांनी तुझं कर्ज कमी मंजूर होऊ शकतं. मोशीच्या फ्लॅटला नेमके तेवढेच अपुरे पडतील.

आता मिनिममचं सांगतेच, रागावलास तरी. त्या बिलावर पाच टक्क्यांनी मिनिमम ६,९०० च येतं. महिना साडेतीन टक्क्यांनी व्याज ४,८३०, त्यावर १८ टक्के जीएसटी ८६९. मुद्दलात गेले जेमतेम १,२००. व्याजही बिलाच्या तारखेपासून नाही, ज्या दिवशी काउंटरवर कार्ड घासलंस त्या दिवसापासून. आणि बाकी ठेवलीस की नव्या खरेदीची बिनव्याजी मुदतही जाते, डबा मागवलास तरी त्याला त्याच दिवसापासून व्याज. ईएमआय करून घेतलंस असशील तर व्याज कमी, पण तेवढं लिमिट हप्त्याहप्त्यानेच मोकळं होतं, तोवर वापर फुगलेलाच दिसतो.

बघ, पुन्हा भाषण झालं. तुला हे सगळं कळत नाही असं नाही. तू सहा वर्षांचा असताना वाण्याकडे पोहे आणायला पाठवलं, तर पैसे देऊन तिथेच उभा राहायचास. ‘काका, वहीत काट मारा, मला दाखवा.’ ते हसायचे, पण काट मारून वही तुझ्याकडे फिरवायचे. त्या मुलाला मी काल विचारलं की पैसे बुडवतोयस का, असंच तुला ऐकू आलं असणार. तसं नव्हतं विचारायचं. त्या रात्री दवाखान्यात मी पर्समध्ये पासबुक शोधत बसले होते आणि तू काही न बोलता कार्ड पुढे केलंस. बाबा अजून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात. मला मात्र तेव्हापासून एकच लागून राहिलंय की त्या पैशाखाली तू दबला आहेस आणि सांगत नाहीस.

मेडिक्लेमचे ९६,००० सोमवारी माझ्या खात्यात आले. आज दुपारी तुझ्या खात्यावर पाठवतेय. परत पाठवू नकोस. तुझं स्टेटमेंट १२ ला निघतं. बँका २०२५ पासून निदान पंधरा दिवसांनी सिबिलला माहिती पाठवतात, १५ तारखेची आणि महिनाअखेरची. कोणी स्टेटमेंटची बाकी कळवतं, कोणी त्या दिवसाची. म्हणून १२ च्या आधीच भर, आणि मध्ये शनिवार-रविवार येतोय तर शुक्रवारीच भर. मिनिममच भरलं असशील तर व्याज धरून ४० ते ४५ हजार उरतील, तीस टक्क्यांच्या काठावर. पूर्ण भरलं असशील तर देवच पावला, मग हे पैसे फ्लॅटच्या बुकिंगला ठेव. बाकी उतरली की एक-दोन नोंदींत स्कोअर बहुतेक सावरतो. उशिराचा डाग असता तर तो ३६ महिने दिसला असता, तो तुझ्यावर नाही.

बँकेचा लिमिट ३ लाख करण्याचा मेसेज आलाय म्हणालास. तुझ्या स्पष्ट होकाराशिवाय त्यांना वाढवता येत नाही. त्यांनी आपणहून देऊ केलंय तर घे, तेवढाच वापराचा टक्का खाली येतो. तू स्वतः अर्ज केलास तर रिपोर्टवर एन्क्वायरी, म्हणजे उधारी मागितल्याची नोंद, पडू शकते, आणि घराच्या कर्जाआधी ती नको. त्याच कारणाने चार बँकांत एकदम अर्ज टाकू नकोस. स्वतःचा रिपोर्ट पाहिल्याने काही बिघडत नाही, सिबिल धरून अशा चारही कंपन्यांकडून वर्षाला एकेकदा फुकट मिळतो. पण लिमिट दुप्पट झालं म्हणजे पैसे दुप्पट झाले नाहीत, हे... जाऊ दे. तुला माहीत आहे.

शनिवारी ताई राखीला तुझ्याकडे येतेय. तिच्याबरोबर नारळीभाताचा डबा आणि बाबांची नवी औषधांची चिठ्ठी पाठवतेय, तुझ्या फाइलीत लाव. पुढची तपासणी २० ला आहे. त्याचे पैसे मी काढून ठेवलेत, तू कार्ड आणू नकोस.

तुझी,
आई

ता. क. १२ तारखेचं स्टेटमेंट आलं की पहिल्या पानाचा फोटो पाठव. ‘भरलंय’ असं नुसतं लिहू नकोस, बाकीचा आकडा दिसू दे. आणि कमी पडत असतील तर माझी आरडी सप्टेंबरात संपतेय.