शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र: फळा बनवायचीही परवानगी द्या

प्रति,
माननीय शिक्षणमंत्री महोदय,
सादर नमस्कार.

शाळांसाठी इंटरॅक्टिव्ह फळे, म्हणजे भिंतीवर पडलेल्या संगणकाच्या चित्रावर पेनने लिहिता येतं असे फळे, घ्यायचे ठरले की निविदेत ‘संपूर्ण संच, हमीसह’ अशी अट येते. ती अट थोडी सैल करावी, एवढीच विनंती आहे. तयार संच घेऊच नका असं माझं म्हणणं नाही. पण एखाद्या शाळेला सुटे भाग आणून फळा स्वतः बनवायचा असेल, तर तिला नियमात जागा हवी.

असा फळा बनतो, आणि ही गोष्ट आता नवीही राहिलेली नाही. २००७ साली कार्नेगी मेलन विद्यापीठात पीएच.डी. करत असलेल्या जॉनी चुंग ली यांनी निन्टेन्डोच्या ‘वी’ या व्हिडिओ गेमचा रिमोट वापरून तो करून दाखवला. त्यासाठीचं सॉफ्टवेअरही त्यांनी सगळ्यांसाठी मोफत खुलं केलं. तेव्हा तो रिमोट ४० डॉलरच्या आसपास मिळायचा आणि बाजारातले तयार फळे हजारो डॉलरच्या घरात होते.

त्या रिमोटच्या टोकाला काळ्या प्लॅस्टिकमागे एक छोटा कॅमेरा असतो. त्याला वर्ग दिसत नाही, मुलं दिसत नाहीत. तो फक्त इन्फ्रारेड, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या प्रकाशाचे ठिपके शोधतो, एका वेळी जास्तीत जास्त ४. प्रत्येक ठिपका १०२४ × ७६८ च्या जाळीत नेमका कुठे आहे, हे तो सेकंदाला सुमारे १०० वेळा ब्लूटूथवरून कळवतो. खेळताना असे ठिपके देणारी टीव्हीजवळची पट्टी जागेवर असते आणि रिमोट हातात फिरतो. ली यांनी उलट केलं. रिमोट स्टँडवर बसवला आणि ठिपका हातात दिला.

हातातला ठिपका म्हणजेच पेन. संपलेल्या मार्करची नळी घ्यायची, टोकाला टीव्हीच्या रिमोटमध्ये असतो तसला इन्फ्रारेड एलईडी बसवायचा, मध्ये दाबायचं बटण आणि मागे १.५ व्होल्टचा एक पेन्सिल सेल. या एलईडीला साधारण सव्वा व्होल्ट लागतो, त्यामुळे एका सेलवर वेगळा रेझिस्टर (वीजप्रवाह मर्यादेत ठेवणारा भाग) बहुधा लावावाच लागत नाही. सोल्डरिंगचे चार टाके आले की काम झालं. पेन लागलं की नाही हे डोळ्यांना कळत नाही. मोबाइलच्या कॅमेऱ्यातून पाहिलं तर बहुतेक वेळा टोक जांभळट चमकताना दिसतं. न दिसणारा प्रकाश शिकवायला याहून सोपा प्रयोग मला तरी माहीत नाही.

मग प्रोजेक्टरचं चित्र भिंतीवर पडलं की चार कोपऱ्यांवर पेन टेकवायचं. एका बाजूने तिरकं पाहणाऱ्या कॅमेऱ्याला पडदा वेडावाकडा दिसतो. त्या वेड्यावाकड्या चौकोनातला प्रत्येक बिंदू सरळ चौकोनात कुठे येईल, हे संगणक या चार खुणांवरून काढतो. निर्देशक भूमिती कशासाठी शिकायची असं विचारणाऱ्या मुलांना हे उत्तर भिंतीवर दाखवता येतं. बंद खोक्यातून आलेल्या फळ्याच्या आतही काहीतरी गणित चालतच असतं, पण ते कुणाला बघायला मिळत नाही.

अडचणी आहेत, आणि आपले अधिकारी त्या सांगतीलच, म्हणून आधी मीच सांगते. लिहिणाऱ्याचं अंग पेन आणि रिमोटच्या मध्ये आलं की रेघ तुटते, म्हणून रिमोट बाजूला आणि उंचावर लावावा लागतो. खिडकीतून थेट ऊन आलं तर कॅमेरा गोंधळतो, कारण उन्हातही इन्फ्रारेड असतंच. स्टँडला धक्का लागला की चार कोपरे पुन्हा टेकवा. सेल संपतात. प्रोजेक्टर आणि संगणक लागतातच, तो खर्च काही वाचत नाही. आणि निन्टेन्डोने जपानमध्ये ‘वी’चं उत्पादन २०१३ मध्येच थांबवलं, त्यामुळे रिमोट आता बहुतेक जुन्या बाजारातच शोधावा लागतो.

म्हणूनच ‘हा रिमोट खरेदी करा’ असं मी मागत नाही. उद्या कुणी हौसेने त्याचीच निविदा काढली तर तेही चुकीचंच होईल. साध्या वेबकॅमच्या आतला इन्फ्रारेड अडवणारा फिल्टर काढून त्याजागी धुतलेल्या रंगीत फिल्मच्या रोलचा काळा तुकडा लावला, तर दिसणारा प्रकाश बराचसा अडतो आणि पेनचा ठिपका उठून दिसतो. कॅमेरा बदलला तरी कल्पना तीच राहते. खरेदीच्या कागदात वस्तूचं नाव न लिहिता तिने काय करायला हवं ते लिहिलं, तर दोन्ही बसतात: बाजारातला संचही आणि शाळेत जुळवलेला फळाही.

खरा अडसर कागदावरच आहे. शिक्षकाने बनवलेल्या वस्तूचं एक बिल नसतं, सात-आठ चिल्लर बिलं असतात. ती डेडस्टॉक रजिस्टरमध्ये, म्हणजे शाळेच्या टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीत, कशी चढवायची हे कुणी सांगत नाही. उलट हमीचा संच बिघडला की तो उघडायचा नाही, कंपनीच्या माणसाची वाट बघत बसायचं. तोवर त्यावर कापड टाकलेलं असतं. घरी बनवलेलं पेन बंद पडलं तर आठवीतला मुलगाही सेल बदलून, टाका तपासून ते चालू करतो.

तेव्हा तीन गोष्टी कराव्यात. शाळेच्या अनुदानात सुट्या भागांसाठी छोटी तरतूद असावी आणि तिच्यात जुनं, वापरलेलं साहित्यही घेता यावं. ‘शाळेत तयार केलेले साहित्य’ अशी नोंद हिशेब तपासणीत ग्राह्य धरावी. आणि तंत्रज्ञानाच्या शिक्षक-प्रशिक्षणात एक दिवस स्लाइड न दाखवता प्रत्येकाच्या हातात सोल्डरिंग आयर्न द्यावं. यातली दुसरी मागणी एका परिपत्रकाने पुरी होईल, तिला पैसाही लागत नाही. तिथूनच सुरुवात करावी.

आपली,
विज्ञान शिकवणारी एक शिक्षिका