एका शमादानाच्या तीन बाजू

प्रिय मंदार,
सप्रेम नमस्कार.

‘रोकोको म्हणजे नुसती वेलबुट्टीची गर्दी’ असं तू लिहिलंस, आणि मला गप्प बसवेना. रोकोको ही अठराव्या शतकात फ्रान्समध्ये बहरलेली, वळणदार सजावटीची शैली. तू लाकडावर नक्षी कोरणारा माणूस. तुला त्या काळातले महाल नकोत, कारागिरांसाठी काढलेले आराखडे दाखवायला हवेत.

झ्युस्त-ओरेल मेसोनिए जन्माने तुरिनचा, पण नाव काढलं पॅरिसमध्ये. १७२६ पासून तो फ्रान्सचा राजा पंधरावा लुई याच्या दरबाराचा आराखडाकार होता. १७२८ मध्ये त्याने मेणबत्ती लावायचं चांदीचं एक शमादान रेखाटलं. त्याची छापील चित्रं तीन आहेत, एकाच वस्तूची, तीन बाजूंनी. एका बाजूवरून दुसरीचा अंदाजच लागत नाही, मग करणार काय! दांडा पीळ घेत वर चढतो, त्यात लहान मुलं आणि पानं गुंतलेली. एका चित्रात आड गेलेली कड दुसऱ्यात समोर येते. डावं-उजवं सारखं असतं तर कागद दुमडून अर्धं काम झालं असतं. इथे एका अंगाला शिंपल्याचा जड फुगवटा आला की दुसऱ्या अंगाला लांब पान खेचून तोल राखावा लागतो. याला गर्दी कसं म्हणायचं? पुढे १७३४-३५ मध्ये क्लोद द्युविव्हिए या सोनाराने ते चांदीत घडवलंसुद्धा.

तुझ्यासारखी तक्रार तेव्हाही झाली होती. १७५४ मध्ये कोशँ या खोदचित्रकाराने सोनारांना जाहीर विनवलं, की बाबांनो, शमादान सरळ उभं असावं, कुणी पिळल्यासारखं नको. आणि मेण झेलायची वाटी खोलगट हवी, फुगीर नको. वाटीचं त्याचं म्हणणं मला पटतं. पिळाचं मुळीच नाही.

त्याच वर्षी लंडनमध्ये टॉमस चिपेंडेलने फर्निचरच्या आराखड्यांचं पुस्तक काढलं. त्यातल्या काही वस्तूंची डावी बाजू एक, उजवी निराळी. गिऱ्हाइकाने आवडेल ती निवडायची. मेसोनिएची झेप त्यात नाही, पण सुताराच्या हाती द्यायला कागद चोख.

त्यातल्या आरशाच्या चौकटी नीट बघ. तिकडे अशा चौकटी पाइन किंवा लाइम (लिंडन, लिंबू नव्हे) या झाडांच्या मऊ लाकडात कोरून वर सोनेरी मुलामा देत. आपल्या सागात पानांची इतकी पातळ टोकं धरतील का? एखादा कोपरा कोरून बघ आणि कळव.

तुझा,
अविनाश