सूचना: घटना कळवताना पुढच्याला उपयोगी पडेल असं लिहा

सर्व सदस्यांना नमस्कार,

१७ सप्टेंबरला जागतिक रुग्णसुरक्षा दिन आहे. त्याआधी प्रत्येकाने आपल्या विभागात उपचारात चूक झाल्याची निदान एक घटना गटात पाठवावी. रुग्णाला इजा झाली नाही, थोडक्यात निभावलं, अशी घटनाही चालेल. खरं तर अशाच घटना जास्त हव्यात, त्यांच्याबद्दल मोकळेपणाने बोलता येतं.

हा आग्रह का, ते व्हिन्क्रिस्टिनवरून कळेल. कर्करोगावरचं हे औषध फक्त शिरेतून द्यायचं. चुकून मणक्यातून दिलं गेलं तर रुग्ण बहुतेक वेळा दगावतो. अशी पहिली नोंद १९६८ सालची. त्यानंतर एकामागून एक देशांत तीच चूक झाली, कारण व्हिन्क्रिस्टिन आणि मणक्यातून द्यायचं दुसरं औषध, दोन्ही सारख्याच सिरिंजमध्ये भरून एकाच वेळी रुग्णाजवळ यायची. २००७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने इशारा दिला: व्हिन्क्रिस्टिन सिरिंजमध्ये भरूच नका, छोट्या सलाइन पिशवीतून द्या. पिशवी मणक्याच्या सुईला जोडायला सहसा कोणी जात नाही. उपाय इतका साधा होता, आणि मधल्या काळात माणसं गेली. मला हे फार लागतं.

म्हणून 'नर्सने चुकीचं औषध दिलं' एवढंच लिहू नका. लेबल कसं होतं, पाळी बदलत होती का, औषध कुठे ठेवलं होतं, नंतर काय बदललं आणि ते टिकलं का, हे लिहा.

रुग्णाचं किंवा सहकाऱ्याचं नाव, खाट क्रमांक, तारीख टाकू नये. केस पेपरचे फोटो तर अजिबात नकोत.