वस्तीतल्या मुलांसाठी आठवड्यातून एक संध्याकाळ द्या

नमस्कार,

नाशिकमधल्या सातपूर-अंबडच्या कारखान्यांत पाळीने काम करणाऱ्या घरांत आई-वडील आणि मुलांची निवांत गाठ सुट्टीच्या दिवशीच पडते. सेकंड शिफ्टचे बाबा येतात तेव्हा पोरं झोपलेली. आई चार घरची कामं उरकून येते ती थेट चुलीपाशी. यात त्यांचा काहीच दोष नाही. पण शाळा सुटल्यावर ‘आज काय झालं रे?’ असं विचारणारं माणूस मुलाला लागतंच.

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातील सहा हजारांहून जास्त प्रौढांना त्यांच्या लहानपणाविषयी विचारलेला एक अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. मनातलं घरी बोलता येत होतं का, अडचणीत घरचे पाठीशी होते का, शाळा आपली वाटायची का, गावच्या सणांत रमत होतात का, असे सात प्रश्न होते. त्यातला एक आम्हाला फार महत्त्वाचा वाटतो: आई-वडिलांखेरीज निदान दोन मोठी माणसं तुमची मनापासून विचारपूस करत होती का? सातपैकी सहा-सात गोष्टी लाभलेल्यांत नैराश्याची किंवा मानसिक आरोग्य बिघडल्याची शक्यता, जेमतेम दोन किंवा त्याहून कमी लाभलेल्यांपेक्षा ७२ टक्क्यांनी कमी दिसली. बालपणी मोठे आघात सोसलेल्यांनाही या आधाराचा उपयोग झालेला दिसला.

ती दोन माणसं आपण होऊ शकतो.

आमच्या मंडळाच्या खोलीत निवृत्त शिक्षिका आणि काही कॉलेजची मुलं संध्याकाळी मुलांसोबत बसतात. गोष्टी, कॅरम, थोडा गृहपाठ, पुष्कळ गप्पा. शिकवणी वर्ग आम्हाला काढायचा नाही. रंगपंचमीला जुन्या नाशकातली रहाड, म्हणजे रंग खेळायचा मोठा हौद, दाखवायलाही मुलांना न्यायचं आहे. या शहरात वाढूनही काहींनी ती कधी पाहिलेली नाही.

आम्हाला सर्वांत आधी माणसं हवीत. आठवड्यातून एकच संध्याकाळ द्या, पण वर्षभर ठरल्या वारी या. ओळख झालेला काका मध्येच यायचा थांबला की मूल पुन्हा मिटतं. प्रत्येकाची पोलीस पडताळणी होईल आणि कोणीही एकटा मोठा माणूस मुलांसोबत थांबणार नाही. याचा राग मानू नये.

वेळ नसेल तर मराठी गोष्टींची पुस्तकं, सतरंज्या, कॅरम बोर्ड किंवा रोजच्या केळी-चिक्कीचा खर्च द्या. रोख देणगीची पावती जरूर मागून घ्या. जमाखर्च दर महिन्याला फलकावर लावू.

येत्या रविवारी सकाळी दहा वाजता मंडळाच्या खोलीवर या. येताना ओळखपत्राची प्रत आणा.