'पकड सैल' हा शेरा मागे घ्या: पुंगळी अडकणाऱ्या पिस्तुलाबद्दल तक्रार

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक सेवा व दुरुस्ती विभाग

विषय: ९ मिमी सेमीऑटोमॅटिक पिस्तूल दुरुस्त न करता परत पाठवल्याबद्दल

महोदय,

तपासणीसाठी पाठवलेले पिस्तूल मागच्या आठवड्यात तुमच्याकडून परत आले. सोबत अर्ध्या पानाचा अहवाल होता. ५० गोळ्या झाडल्या, एकदाही अडथळा आला नाही, पिस्तुलात दोष नाही. अडथळे बहुधा नेमबाजाची पकड सैल असल्यामुळे किंवा दारूगोळ्यामुळे येत असावेत, असे त्यात लिहिले आहे. त्याच दिवशी आम्ही रेंजवर १५० गोळ्या झाडल्या. तीन वेळा पुंगळी, म्हणजे झाडलेल्या गोळीचे रिकामे पितळी कवच, चेंबरमध्येच (नळीच्या मागच्या टोकाला गोळी बसते त्या जागेतच) राहिली.

मी नेमबाजीची प्रशिक्षक आहे. हे पिस्तूल नव्या विद्यार्थ्यांना शिकवण्यासाठी घेतले होते, म्हणून त्याचा भरवसा हा माझ्यासाठी पदकाइतकाच, किंबहुना त्याहून मोठा प्रश्न आहे. पिस्तूल पाठवण्याच्या आधीच्या आठवड्यात एक मुलगी तिसऱ्यांदाच रेंजवर आली होती. पाचव्या गोळीनंतर स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा मागे-पुढे सरकणारा वरचा भाग, अर्धवट पुढे येऊन थांबली. तिने चाप ओढून पाहिला, काही झाले नाही. मग "ताई, हे अडकलं बघा," म्हणत ती पिस्तुलासकट माझ्याकडे वळू लागली. मी तिचे मनगट धरून नळी निशाण्याच्या दिशेला परत वळवली. तिने घाबरून बोट अजून चापावरच ठेवले होते. मॅगझीनमधली (मुठीत बसणाऱ्या गोळ्यांच्या पेटीतली) नवी गोळी आत घुसून अडकलेल्या पुंगळीला टेकली होती. त्या दिवशी काही झाले नाही. पण पिस्तूल अडले की नवशिक्या माणसाचे सगळे लक्ष हातातल्या वस्तूकडे जाते आणि नळी कुठे रोखली आहे याचे भान सुटते, हे शिकवणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. हे पत्र त्या मुलीसाठी लिहिते आहे असे समजा.

आता तुमच्या पहिल्या कारणाकडे येते. सैल पकडीने पिस्तूल अडते, हे मला मान्य आहे. मी स्वतः विद्यार्थ्यांना तेच शिकवते. गोळी सुटल्यावर स्लाइड मागे जाते तेव्हा खालचा सांगाडा हातात घट्ट राहिला पाहिजे. मनगटच मागे गेले तर सांगाडाही स्लाइडबरोबर मागे सरकतो, स्लाइडला पूर्ण पल्ला मिळत नाही आणि जोर कमी पडतो. हलक्या पॉलिमर सांगाड्याच्या पिस्तुलात हे लवकर जाणवते. मग पुंगळी नीट बाहेर फेकली जात नाही, स्लाइडच्या तोंडात उभी अडकते, किंवा पुढची गोळी उचललीच जात नाही.

आमच्याकडे यातले काहीच घडत नाही. आमची पुंगळी चेंबरमध्ये राहते आणि तिच्यामागे मॅगझीनमधली पुढची गोळी येऊन धडकते. ती गोळी उचलायची तर स्लाइडला तिच्या बुडाच्याही मागे जावे लागते. म्हणजे स्लाइड पूर्ण मागे गेली होती, जोर भरपूर होता, पकडीने आपले काम केले होते. फक्त जाताना तिने पुंगळी सोबत नेली नाही. पुंगळीची कड धरून तिला ओढून काढायचे काम एक्स्ट्रॅक्टरच्या आकड्याचे. हा एवढा विचार तुमच्या तपासनिसाने केला असता तर 'पकड सैल' हे शब्द कागदावर आले नसते.

माझी नोंदवही मी पिस्तुलासोबत पाठवली होती. ती कोणी उघडली असे अहवालावरून वाटत नाही, म्हणून तिच्यातले पुन्हा सांगते. तिन्ही मॅगझीनवर रंगाने आकडे घातले आहेत. प्रत्येक वेळी कोणी झाडली, कोणते मॅगझीन, कोणती गोळी, शेवटची सफाई कधी, हे लिहिले आहे. १२०० गोळ्यांत १९ अडथळे आले. त्यातल्या १४ वेळा पुंगळी आत राहिली, आणि ती चारही नेमबाजांच्या हातात राहिली: ५, ४, ३ आणि २ वेळा. यातले दोघे अनेक वर्षे स्पर्धा खेळत आहेत.

दारूगोळ्याचे म्हणाल तर दोन वेगवेगळ्या कारखान्यांच्या गोळ्या वापरल्या, ११५ ग्रेनच्या ६०० आणि १२४ ग्रेनच्या ६०० (ग्रेन हे गोळीच्या पुढे सुटणाऱ्या टोकाच्या वजनाचे माप). घरी भरलेली एकही नाही. हलक्या गोळीवर ८ वेळा, जडवर ६ वेळा पुंगळी अडकली. त्याच पेट्यांतल्या ४०० गोळ्या तुमच्याच कंपनीच्या, याच मॉडेलच्या दुसऱ्या पिस्तुलातून झाडल्या. एकदाही पुंगळी आत राहिली नाही.

फोनवर तुमच्या प्रतिनिधींनी आणखी एक कारण सांगितले की, पिस्तूल नवे आहे, चालता चालता बसेल. नव्या स्प्रिंगा कडक असतात, घासणारे भाग एकमेकांना सरावायला थोड्या गोळ्या लागतात, हे खरे आहे. पण सरावाने बसणाऱ्या पिस्तुलात अडथळे कमी होत जातात. आमच्याकडे पहिल्या ४०० गोळ्यांत ४, दुसऱ्या ४०० मध्ये ४ आणि तिसऱ्या ४०० मध्ये ६ वेळा पुंगळी अडकली.

सफाई दर २०० गोळ्यांनी होते. स्लाइडच्या खाचांना तेलाचा एकेक थेंब, चेंबर कोरडे. जास्त तेल घातले की त्यात जळकी काजळी आणि पितळेचा चुरा बसून चिखल होतो, म्हणून विद्यार्थ्यांच्या हातात मी तेलाची बाटलीही देत नाही. एक्स्ट्रॅक्टरच्या आकड्याखाली साठलेली काजळी टोकदार काडीने काढली आहे. तरीही सफाईनंतरच्या पहिल्या ५० गोळ्यांतच पुंगळी अडकल्याच्या तीन नोंदी आहेत.

चेंबर खडबडीत असेल आणि पुंगळी तिथे चिकटत असेल, अशी शंका मलाही आधी आली होती. पण अडकलेली पुंगळी काढताना नळीत वरून लाकडी काडी सोडली की हलक्या टिचकीनेच ती खाली पडते. चिकटलेली पुंगळी अशी सुटत नाही. म्हणून मी एक्स्ट्रॅक्टरकडे वळले. पिस्तूल रिकामे करून स्लाइड वेगळी केली आणि आकड्याखाली सरावाची निर्जीव गोळी सरकवून स्लाइड हलकेच हलवली. आमच्या दुसऱ्या पिस्तुलाचा आकडा ती गोळी धरून ठेवतो. याच्या आकड्यातून ती दुसऱ्या हिसक्याला टेबलावर पडली. भिंगाखाली पाहिले तर आकड्याची पुंगळीची कड धरणारी धार तीक्ष्ण असण्याऐवजी गोलसर दिसते.

अडकलेली प्रत्येक पुंगळी मी वेगळ्या पाकिटात, नोंदवहीतला क्रमांक घालून ठेवली आहे. आधीच्या १४ आणि आताच्या ३. त्यातल्या १५ पुंगळ्यांच्या कडेवर एकाच तऱ्हेचा ओरखडा आहे: पितळ बाहेरच्या बाजूला ओढले गेले आहे, नखाने लोणी खरवडावे तसे. आकड्याने कड धरली, ओढली आणि तो निसटला, हे त्या ओरखड्यात उघड दिसते. आकड्याची धार झिजली आहे, त्याची स्प्रिंग कमजोर आहे, की दोन्ही, हे तुमच्या मोजमापाच्या साधनांनी पाच मिनिटांत कळेल.

उरलेले ५ अडथळे वेगळ्या जातीचे आहेत आणि ते सगळे २ क्रमांकाच्या मॅगझीनमधले. गोळी वर येताना नाक खाली करते आणि चेंबरच्या उतारावर न चढता खालीच टेकते. मॅगझीनच्या तोंडाशी गोळी धरून ठेवणारे दोन वळवलेले काठ असतात. त्यांच्यातले अंतर या मॅगझीनमध्ये बाकी दोन्हींपेक्षा ०.४ मिलिमीटरने जास्त भरते. सेमीऑटोमॅटिक पिस्तुलात सर्वांत आधी संशय घ्यावा तो मॅगझीनचाच, कारण पडणारी, आपटणारी, पायाखाली येणारी वस्तू तीच. आमच्याकडूनही ते पडले असेल. या एका मॅगझीनवरून मी भांडत नाही, ते बाजूला काढून ठेवले आहे.

भांडण आहे ते ५० गोळ्यांच्या चाचणीवरून. १२०० त १४ म्हणजे साधारण ८६ गोळ्यांना एक. या दराने अडणारे पिस्तूल ५० गोळ्या विनाअडथळा झाडून जाण्याची शक्यता निम्म्याहून जास्त असते. नाणे उडवून निकाल लावण्यासारखेच झाले हे! चाचणीत एकही अडथळा आला नाही तर ३ ला गोळ्यांच्या संख्येने भागावे. खरा दर त्याहून जास्त नसावा, असे ९५ टक्के खात्रीने म्हणता येते. हा संख्याशास्त्रातला जुना हिशेब आहे. ५० गोळ्यांनी तुम्हाला एवढेच कळले की दर शंभरात सहाच्या खाली असावा. शंभरात एकाच्या खाली आहे असे म्हणायला ३०० गोळ्या लागतात. मार्च १९११ मध्ये अमेरिकी सैन्याच्या चाचणीत शस्त्ररचनाकार जॉन ब्राउनिंग यांच्या पिस्तुलातून दोन दिवसांत ६००० गोळ्या झाडल्या गेल्या. तापले की पाण्यात बुडवायचे आणि पुन्हा झाडायचे. ते एकदाही अडले नाही. तुमच्याकडून ६००० ची अपेक्षा नाही. पण ५० गोळ्यांच्या जोरावर चार माणसांच्या पकडीला नाव ठेवण्याचा अधिकार कोणाला मिळत नाही.

त्या अहवालाची प्रत विद्यार्थ्यांनीही वाचली. त्या मुलीने मला विचारले, "म्हणजे चूक माझीच होती का?" तिला मी सांगितले की तिची पकड चांगली आहे, आणि ते खरे आहे. पण कंपनीच्या शिक्क्याचा कागद माझ्या शब्दापेक्षा जड पडतो. ती आता त्या पिस्तुलाला हात लावायला तयार नाही.

पिस्तूल, तिन्ही मॅगझीन, १७ पुंगळ्यांची पाकिटे आणि नोंदवहीच्या सर्व पानांच्या प्रती पुन्हा पाठवत आहे. एक्स्ट्रॅक्टर आणि त्याची स्प्रिंग बदलून द्यावी, चेंबरचे मोजमाप घ्यावे आणि नंतर माझ्या १ व ३ क्रमांकाच्या मॅगझीनमधून, दोन्ही वजनांच्या मिळून निदान ३०० गोळ्या झाडून पाहाव्यात. कोणत्या मॅगझीनमधून कोणत्या किती झाडल्या आणि काय झाले, ते लेखी कळवावे. काढलेला जुना एक्स्ट्रॅक्टर मला परत हवा आहे. तो मी वर्गात दाखवणार आहे. 'नेमबाजाची सैल पकड' हा शेरा या पिस्तुलाच्या दुरुस्तीच्या नोंदीतून काढून टाकावा आणि तसे पत्र द्यावे. पिस्तूल यायला वेळ लागला तरी चालेल, हे पत्र मात्र आधी पाठवा.

आपली,
एक ग्राहक आणि नेमबाजी प्रशिक्षक